खाऱ्या पाण्यातलं तेल आणि मेंब्रेन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मरीन इंजिनियर. बरीच वर्षं बोटीवर काढली, आता किनाऱ्यावर तेलकट पाण्याच्या प्लांटचं काम बघतो. बोटीवर चढायच्या आधीची कॅडेट पोरं, गावाकडचे मच्छीमार मित्र, केमिकलची मुलं, सगळे मेंब्रेनबद्दल (म्हणजे पाण्यातलं तेल अडवणारा बारीक छिद्रांचा पडदा) फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. क्रम फार बघू नका, ज्याला जे हवं ते शोधून वाचा.

तेल तर पाण्यावर तरंगतंच, मग मेंब्रेनची गरज काय?

तरंगतं ना, मिसळीची तर्री कशी वर येते तसंच. पण थेंब मोठा असेल तरच. थेंबाचा व्यास अर्धा केला की वर यायचा वेग पाव होतो, आणि सगळी गोम इथेच आहे. साधारण क्रूड (कच्चं तेल) आणि समुद्राचं पाणी धरून हिशोब करून बघा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग: १५० मायक्रॉनचा थेंब एक मीटर वर यायला आठेक मिनिटं घेतो, १० मायक्रॉनचा एक दिवसापेक्षा जास्त, आणि १ मायक्रॉनचा तर जवळपास चार महिने. तेही टाकीत पाणी एकदम स्थिर असेल तर, आणि बोटीवर पाणी स्थिर कधीच नसतं. हे वर न येणारे बारीक थेंब अडवायलाच मेंब्रेन लागतो.

होमोजिनाइज्ड दुधावर साय धरत नाही ते आठवा. स्निग्धांश तेवढाच असतो, फक्त थेंब इतके बारीक केलेले असतात की ते वर यायचं नावच घेत नाहीत. तेलकट पाण्यात हेच काम पंप करतो. सेंट्रिफ्युगल पंपातून पाणी गेलं की चांगले मोठे थेंब फुटून पार बारीक होतात. म्हणून सेपरेटरच्या (तेल-पाणी वेगळं करणाऱ्या यंत्राच्या) आधी जोरात फिरणारा पंप लावू नका, स्क्रू पंप किंवा पिस्टन पंप लावा, आणि जमलं तर तोही सेपरेटरच्या पुढे, म्हणजे पाणी खेचून घेईल असा. नुसता पंप बदलून अर्धं दुखणं गेलेलं मी स्वतः बघितलंय.

असं खारं तेलकट पाणी येतं कुठून?

मुख्य दोन ठिकाणांहून. एक, जहाजाच्या इंजिन रूमचा तळ, म्हणजे बिल्ज. तिथे समुद्राच्या पाण्याची गळती, कूलरचं पाणी, ल्यूब ऑइल, डिझेल, गंज, काजळी, साबण सगळं एकत्र जमतं.

दुसरं, तेलाच्या विहिरी. आपल्या मुंबई हायचंच घ्या. १९७४ च्या फेब्रुवारीत सागर सम्राट या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगने तिथे तेल शोधलं आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. बऱ्याच लोकांना वाटतं विहिरीतून नुसतं तेल येतं, पण तेलाबरोबर खडकातलं खारं पाणीही येतं, आणि वरून दाब टिकवायला आपण जे पाणी खाली सोडतो तेही हळूहळू परत यायला लागतं. विहीर जितकी जुनी तितकं पाणी जास्त. जगभराची सरासरी म्हणून एका बॅरल तेलामागे तीन बॅरल पाणी असा आकडा सांगितला जातो. आणि हे पाणी किती खारं असेल त्याचा नेम नाही. समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असतं, विहिरीच्या पाण्यात काही ठिकाणी त्याहून बरंच कमी, तर काही ठिकाणी लिटरला ३०० ग्रॅमपर्यंत.

१५ पीपीएम म्हणजे किती आणि नियम नक्की काय आहे?

एक हजार लिटर पाण्यात १५ मिलिलिटर तेल, म्हणजे तीन लहान चमचे. मारपोल म्हणजे जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखायचा आंतरराष्ट्रीय करार, त्याचं पहिलं परिशिष्ट २ ऑक्टोबर १९८३ पासून लागू आहे. त्यानुसार इंजिन रूमचं बिल्जचं पाणी १५ पीपीएमच्या आत आणून, बोट चालू असतानाच, ठरलेल्या यंत्रातूनच बाहेर सोडता येतं, आणि प्रत्येक वेळी ऑइल रेकॉर्ड बुकात नोंद करावी लागते. ४०० ग्रॉस टनापासून पुढच्या बोटींना हे यंत्र सक्तीचं.

यात एक बदल फार महत्त्वाचा आहे आणि कोर्समध्ये तो पोरांना नीट सांगितलाच जात नाही. पूर्वी सेपरेटरची परीक्षा नुसतं तेल आणि पाणी मिसळून व्हायची. १ जानेवारी २००५ पासून बसवलेल्या यंत्रांसाठी तिसरं एक मिश्रण आलं, ज्यात मुद्दाम साबणासारखं रसायन आणि गंजाची पूड घालून पक्कं इमल्शन केलेलं असतं, म्हणजे खऱ्या बिल्जमध्ये असतं तसं. जुने नुसते प्लेटवाले सेपरेटर इथे आपटले, आणि त्यानंतर दुसरा टप्पा म्हणून मेंब्रेन किंवा शोषून घेणारे फिल्टर लावायची पद्धत वाढली.

तेलविहिरींचे आकडे वेगळे. उत्तर समुद्रात ३० मिलिग्रॅम प्रति लिटर, अमेरिकेच्या समुद्रात महिन्याची सरासरी २९ आणि एका दिवसाची कमाल ४२. आपल्याकडे समुद्रातल्या प्लॅटफॉर्मसाठी ९५ टक्के वेळा ४० च्या आत आणि कधीही १०० च्या वर नाही, असा नियम आहे. मला विचाराल तर आपला आकडा आता खाली यायला हवा, तंत्र हातात असताना ४० वर थांबायचं कारण मला दिसत नाही.

मेंब्रेन म्हणजे बारीक भोकांची चाळणीच ना?

अर्धंच खरं, आणि हे अर्धं खरं डोक्यात धरून काम करणारे लोक मेंब्रेन लवकर मारतात.

छिद्रं बारीक असतातच. मायक्रोफिल्ट्रेशनमध्ये साधारण ०.१ मायक्रॉन आणि त्यावर, अल्ट्राफिल्ट्रेशनमध्ये ०.१ पासून खाली ०.०१ पर्यंत. केस ७० मायक्रॉनचा धरला तर ०.१ म्हणजे केसाचा सातशेवा भाग. पण तेलाचा थेंब काही वाळूचा कण नाही, तो दबतो, लांबट होतो आणि दाब पुरेसा मिळाला की छिद्रातून सरपटत पलीकडे जातो. त्याला अडवतं ते दोन गोष्टींमुळे: मेंब्रेनचा पृष्ठभाग पाण्याला किती धरून ठेवतो, आणि तेल-पाण्यामधला पृष्ठताण किती आहे.

ढोबळ आकडा सांगतो. साध्या तेलाचा थेंब ०.१ मायक्रॉनच्या ओल्या छिद्रात ढकलायला साधारण १० बार दाब लागतो. आपण मेंब्रेन चालवतो १ ते ३ बारवर, म्हणजे भरपूर मोकळीक आहे. आता त्याच पाण्यात कुणीतरी डिग्रीझर (तेलकटपणा काढायचं साबणासारखं रसायन) ओतला, पृष्ठताण पंचवीसपट कमी झाला, तर तोच थेंब ०.४ बारला आत घुसतो. छिद्र तेवढंच आहे, मेंब्रेन फाटलेला नाही, तरी तेल पलीकडे. मग सगळे मेंब्रेन कंपनीला फोन लावतात.

पाणी धरून ठेवायची ही कल्पना समजायला मासा हातात घ्या. २००९ साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की माशाच्या खवल्यावर बारीक बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यात पाणी अडकून राहतं, त्यामुळे पाण्याखाली तेलाचा थेंब खवल्याला चिकटतच नाही, गोळी होऊन घरंगळतो. तोच खवला हवेत सुकवला तर तेल त्यावर मस्त पसरतं. चांगला मेंब्रेन म्हणजे कायम ओला असलेला खवला. म्हणूनच प्लास्टिकचा मेंब्रेन बसवायच्या आधी किंवा बंद ठेवताना कधीच सुकू द्यायचा नाही, सुकला की छिद्रं आक्रसतात आणि पहिल्यांदा जे भिजवेल ते तेल असेल तर खेळ संपला.

मिठाने काय फरक पडतो? तेल तर मिठात विरघळत नाही.

फार फरक पडतो, आणि गोड्या पाण्यावर लॅबमध्ये चाचणी घेऊन मग समुद्रावर यंत्र लावणाऱ्यांना हा फरक महागात पडतो.

पाण्यात तेलाच्या थेंबांवर ऋण प्रभार असतो, बहुतेक मेंब्रेनवरही ऋण, त्यामुळे दोघं एकमेकांना लांब ढकलतात. या ढकलण्याची पोच नळाच्या पाण्यात काही नॅनोमीटर असते. समुद्राच्या पाण्यात मिठाचे आयन इतके दाटीवाटीने असतात की ती पोच अर्ध्या नॅनोमीटरच्याही खाली जाते, म्हणजे जवळजवळ गायबच. मग थेंब सरळ मेंब्रेनवर येऊन बसतात, एकमेकांत मिसळतात आणि तेलाचा सलग पापुद्रा तयार करतात. त्यात कॅल्शियम असेल तर आणखी वाईट, कारण क्रूडमधली सेंद्रिय आम्लं आणि मेंब्रेन यांच्यामध्ये तो पुलासारखा बसतो आणि तो थर सहज धुतला जात नाही.

पण मीठ नुसतं वाईटच करतं असं नाही हां. थेंब एकमेकांना ढकलत नाहीत म्हणजे ते एकत्रही लवकर येतात, मोठे होतात आणि वर तरंगतात, शिवाय खारं पाणी जड म्हणून तेल थोडं जास्त लवकर वर येतं. म्हणजे मेंब्रेनच्या आधीच्या टाकीला मीठ मदत करतं आणि मेंब्रेनला त्रास देतं. यातून काय घ्यायचं तर आधीच्या टाकीला भरपूर वेळ द्या, जेवढं तेल तिथे सुटेल तेवढं सोडवा, आणि मेंब्रेनपर्यंत फक्त ते बारीक, हट्टी थेंब जाऊ द्या ज्यांच्यासाठी दुसरा इलाजच नाही. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे: मेंब्रेनला पहिल्या फिल्टरचं काम लावू नका.

मेंब्रेनमधून आलेलं पाणी गोडं असतं का?

नाही. मायक्रो किंवा अल्ट्राफिल्ट्रेशन मिठाला हातही लावत नाही. आत जेवढं खारं, बाहेर तेवढंच खारं.

मग सरळ आरओच लावला तर दोन्ही कामं होतील ना?

नका लावू. आरओला तेल अजिबात सोसत नाही, एकदा थर बसला की तो मेंब्रेन परत पूर्ववत होणं कठीण. आणि आरओत पाणी उलट ढकलायला आधी मिठाचा ऑस्मोटिक दाब ओलांडावा लागतो, समुद्राच्या पाण्याचा तो साधारण २७ बार, म्हणून प्रत्यक्षात ५५ ते ७० बारवर चालवतात. लिटरला दीड-दोनशे ग्रॅम मीठ असलेल्या विहिरीच्या पाण्याला तर नेहमीचा आरओ चालतच नाही, तिथे उष्णतेवर चालणाऱ्या पद्धतींकडे जावं लागतं. योग्य क्रम म्हणजे आधी अल्ट्राफिल्ट्रेशनने तेल पूर्ण काढायचं, मग गरज असेल तर आरओ.

घरच्या आरओत चालेल का असंही एकाने विचारलं होतं. कृपा करून असलं काही करू नका.

हे आरओ-मेंब्रेन प्रकरण मुळात शोधलं कुणी?

आजच्या मेंब्रेनचा पाया १९५९-६० च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या शाखेत घातला गेला. सिडनी लोब आणि आपल्या भारतातून गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी वरची कातडी अतिशय पातळ आणि खालचा भाग सच्छिद्र असा मेंब्रेन बनवला, त्यामुळे पाण्याचा प्रवाह एकदम वाढला आणि समुद्राचं पाणी गोडं करणं व्यवहारात आलं. सौरिराजन हे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे भावनगरची मीठ संशोधन संस्था, ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) इथे मेंब्रेनवर काम चालतं, मुलांनी जरूर बघावं.

प्लास्टिकचा घ्यावा की सिरॅमिकचा?

पैसे कमी, पाणी कोमट, तेल हलकं नाही आणि आधीची ट्रीटमेंट चांगली असेल तर पीव्हीडीएफसारखा पॉलिमर चालतो. पण कंडेन्सेट (वायूबरोबर येणारं हलकं तेल), बेंझिन-टोल्युइन असलं काही पाण्यात असेल तर काही प्लास्टिक फुगतात, आणि फार तीव्र कॉस्टिक सोड्याने पीव्हीडीएफही ठिसूळ होतो.

सिरॅमिक महाग, जड, पण गरम पाणी, कॉस्टिक, ॲसिड सगळं सोसतो आणि नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं जातो. अल्युमिना, टायटानिया, झिरकोनिया, सिलिकॉन कार्बाइड असे प्रकार मिळतात. तेलकट पाण्याला माझी पसंती सिलिकॉन कार्बाइडला, पाणी छान धरतो आणि नेहमीच्या पीएचला त्याच्यावर ऋण प्रभार असतो, उलट अल्युमिनावर धन असतो म्हणजे तेल ओढलं जातं. एकच सांभाळा, गरम सिरॅमिकवर एकदम थंड पाणी सोडू नका, तडा जातो.

चांगला चालत होता, आठवड्यात चोकअप झाला. का?

आधी हे सांगा, प्रवाह कमी झाल्यावर तुम्ही दाब वाढवलात का? नव्वद टक्के वेळा उत्तर हो असतं. दाब वाढवला की तासभर पाणी जास्त येतं आणि तेलाचा थर आणखी दाबून घट्ट बसतो, मग परत कमी, परत दाब, असं करत करत थेंब छिद्रांत जाऊन बसतात. प्रत्येक पाण्यासाठी प्रवाहाची एक मर्यादा असते, तिच्या खाली राहिलात तर थर फारसा साचत नाही. सुरुवातीला कमी प्रवाहावर चालवा, आठवडाभर नोंदी ठेवा, मग हळूहळू वाढवा. १०० लिटर प्रति चौरस मीटर प्रति तास मिळेल असं धरून तासाला १० हजार लिटरच्या प्लांटला १०० चौरस मीटर मेंब्रेन घेतला, आणि प्रत्यक्षात ६० वरच तो सुखाने चालतोय असं कळलं, तर मेंब्रेन वाढवा, दाब नाही.

दुसरी गोष्ट, पाणी मेंब्रेनच्या पृष्ठभागाला समांतर वेगात वाहायला हवं, सिरॅमिक नळीत सेकंदाला २ ते ५ मीटर, म्हणजे साचू पाहणारं तेल खरवडून पुढे जातं. वीज याच्यातच जाते, पण विजेची बचत म्हणून हा पंप कमी करणारे नंतर मेंब्रेनवर खर्च करतात. दर काही मिनिटांनी क्षणभर उलटा झटका द्यायची सोय असेल तर ती बंद करू नका.

माझी एक चूक सांगतो. फोर्थ इंजिनियर असताना इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी इंजिन रूम चकाचक करायची म्हणून आम्ही फ्लोअर प्लेटखाली दोन कॅन डिग्रीझर मारला आणि सगळं धुवून बिल्जमध्ये सोडलं. दिसायला सुंदर झालं. पुढचे तीन आठवडे सेपरेटर १५ च्या खाली आलाच नाही, बिल्ज टाकी भरत गेली आणि शेवटी बंदरात पैसे मोजून पाणी उतरवावं लागलं. तेव्हापासून मी पोरांना सांगतो, कपड्याने पुसा, पाण्यातून तेल लवकर सुटू देणारा क्लीनर वापरा आणि तोही मोजून, आणि साबणाचं पाणी वेगळ्या टाकीत घ्या.

मेंब्रेन धुवायचा कसा?

आधी गोड्या पाण्याने खारं पाणी पूर्ण बाहेर काढा. ही पायरी लोक गाळतात. खाऱ्या पाण्यातच कॉस्टिक घातलात तर त्यातला मॅग्नेशियम आणि कॅल्शियम पांढरा गाळ होऊन बसतो आणि धुण्याऐवजी तुम्ही छिद्रं लिंपून टाकता. मग गरम कॉस्टिक, सिरॅमिकला एक-दोन टक्के आणि ६० ते ८० अंश, प्लास्टिकला कंपनीने दिलेल्या मर्यादेतच. तेल निघालं की परत गोडं पाणी, मग सायट्रिक ॲसिड, त्याने गंज आणि क्षार सुटतात. आधी ॲसिड आणि नंतर कॉस्टिक असं उलटं करू नका, तेलाचा थर वर असताना ॲसिड खाली पोचतच नाही. दोन्ही कधीही एकत्र मिसळू नका. आणि हे धुतलेलं पाणी परत बिल्जमध्ये नाही!

पाणी काचेसारखं दिसतंय तरी अलार्म वाजतो. मीटर खराब आहे का?

असू शकेल, पण आधी काच पुसा. बहुतेक मीटर प्रकाश किती विखुरतो त्यावर तेल मोजतात, त्यांना गंजाचा कण आणि तेलाचा थेंब यातला फरक नीट कळत नाही, हवेचे बुडबुडेही तेलासारखे दिसतात. मेंब्रेन नीट असेल तर गंज पलीकडे यायलाच नको, त्यामुळे मेंब्रेननंतरच्या पाइपात गंज आहे का ते बघा. मीटरला गोडं पाणी लावून आकडा खाली आणायचा आणि तिकडून पाणी सोडायचं, किंवा यंत्र टाळून वेगळा पाइप जोडायचा, हे उद्योग करू नका. २०१६ साली अमेरिकेत एका मोठ्या क्रूझ कंपनीने अशा पाइपाच्या प्रकरणात गुन्हा कबूल करून ४ कोटी डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं, आणि ते प्रकरण बाहेर आलं ते बोटीवरच्या एका ज्युनियर इंजिनियरने तक्रार केली म्हणून. त्या पोराबद्दल मला फार आदर आहे.

तेल शून्य दाखवतंय पण पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, हे कसं?

कारण थोडं तेल थेंब म्हणून नाही तर विरघळून बसलेलं असतं. बेंझिन, टोल्युइन, फिनॉल, छोटी सेंद्रिय आम्लं, यांना अल्ट्राफिल्ट्रेशन अडवू शकत नाही. विहिरीच्या पाण्यात हा भाग बराच असतो. त्यासाठी पुढे ॲक्टिव्हेटेड कार्बन किंवा जैविक प्रक्रिया लागते. मेंब्रेन विकणारा हे स्वतःहून सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा.

अडवलेलं तेल जातं कुठे? ते विकता येतं का?

१० हजार लिटर पाण्यात ५०० पीपीएम तेल म्हणजे ५ किलो. मेंब्रेनने ते पाणी ५०० लिटरपर्यंत आटवलं तरी त्यात तेल एकच टक्का आहे, बाकी पाणीच. त्यामुळे शुद्ध तेलाचा डबा भरून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. हे घट्ट पाणी परत पहिल्या टाकीत नेऊन गरम करून स्थिर ठेवायचं, वरचं तेल काढायचं, उरलेला स्लज (तेलकट गाळ) बोटीवर जाळायचा किंवा बंदरात द्यायचा. सारखं तेच पाणी फिरवत राहिलात तर साबण आणि बारीक गंज साठत जातो, मधून मधून थोडं काढून टाका.

समुद्रात तेल सांडल्यावर मेंब्रेन का वापरत नाहीत?

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ची टक्कर झाली, सुमारे ८०० टन तेल सांडलं आणि तवंग उरण-अलिबागपर्यंतच्या खारफुटीत गेला. तेव्हापासून हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. उघड्या समुद्रात पाण्याला भिंत नाही, लाटा आहेत, कचरा आहे, आणि जड फर्नेस ऑइल डांबरासारखं घट्ट. मेंब्रेनला बंद नळी, ठरलेला दाब आणि गाळलेलं पाणी लागतं. तिथे आधी बूम (पाण्यावर तरंगणारा अडसर) टाकून तवंग अडवायचा आणि स्किमरने, म्हणजे वरचं तेल उचलणाऱ्या यंत्राने, उचलायचा. पण स्किमर तेलाबरोबर भरपूर पाणीही उचलतो, ते पाणी टाकीत घेऊन नंतर स्वच्छ करायला मात्र मेंब्रेन कामाचा आहे.

आमची ट्रॉलर छोटी आहे, आम्हाला लावता येईल का?

लावता येईल, पण पहिल्याच दिवशी नका लावू. शाफ्टची गळती आणि इंजिनची गळती एकाच खड्ड्यात पडते तिथून सुरुवात करा. इंजिनखाली ट्रे बसवा म्हणजे तेल पाण्यात मिसळणारच नाही. बिल्जमध्ये तेल शोषणारी उशी टाकून ठेवा, महिन्याला बदला, आणि पंपाचं तोंड तळाशी ठेवा म्हणजे वरचा तवंग ओढला जाणार नाही. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून बंदरावर द्या. एवढ्याने बाहेर जाणारं तेल खूप कमी होतं. मेंब्रेन लावायचा तर वीस-तीस बोटींनी मिळून जेट्टीवर एकच छोटा प्लांट लावावा, पाणी तिथे उतरवावं, एक माणूस शिकवून ठेवावा. मे-जूनमध्ये आपल्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर जे डांबराचे गोळे येतात ते सगळे काही ट्रॉलरचे नाहीत, पण जेट्टीच्या पाण्यावर रोज सकाळी दिसणारा तवंग आपलाच असतो.